घडीच्या चाकूंचा संग्रह मराठवाड्याच्या हवेत कसा जपावा

घडीचा चाकू एकच वस्तू दिसत असली, तरी तिच्यात दोन विरुद्ध स्वभावांचे पदार्थ एकत्र जखडलेले असतात. पाते पोलादाचे असते आणि त्याला कोरडी हवा मानवते. मूठ बहुधा शिंगाची, हाडाची किंवा लाकडाची असते. हवा फार कोरडी झाली की ती आक्रसते, खिळ्यांपाशी उकलते आणि शेवटी तडकते. मराठवाड्याचे वर्ष या दोन्ही टोकांना जाऊन येते. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे चढतो आणि ओले फडके तासाभरात खडखडीत वाळते, तर श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. उन्हाळा मुठीच्या मुळावर येतो आणि पावसाळा पात्याच्या. चाकू जपण्याविषयीचा बहुतेक सल्ला फक्त पात्याच्या गंजाचा विचार करतो, आणि तो जसाच्या तसा पाळला तर आपल्याकडे पाती शाबूत राहून मुठी फुटतात.

माझ्याजवळ आज साठएक चाकू आहेत. त्यांतला पहिला माझ्या वडिलांचा, मोसंबीचे डोळे भरण्याचा, म्हणजे कलम करण्याचा. भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीची रोपे ज्या रोपवाटिकांत तयार होतात, तिथे जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर डोळा बसवण्यासाठी असा चाकू लागतो: पाते लहान आणि पातळ, आणि मागच्या टोकाला साल हलकेच उचलण्यासाठी बोथट पट्टी. हा चाकू वाचवण्याच्या खटपटीतूनच पुढचे बहुतेक सगळे मी शिकलो. त्यातून एक नियम पक्का झाला, आणि तो मी प्रत्येक नव्या संग्राहकाला आग्रहाने सांगतो: चाकू कुठे ठेवायचा हे त्याच्या मुठीवरून ठरवावे आणि वहीत कोणत्या पानावर लिहायचा हे त्याच्या कामावरून ठरवावे. या दोन गोष्टींची गल्लत केली की एकाच कप्प्यात, एकाच कामाचे म्हणून, शिंग आणि पितळ, लाकूड आणि सेल्युलॉइड नावाचे जुने प्लॅस्टिक शेजारी शेजारी येतात आणि एकमेकांना बाधतात.

मुठीवरून वाटणी

पहिला गट पूर्ण धातूच्या चाकूंचा. जपानच्या मिकी गावातून १८९० च्या दशकात पुढे आलेला हिगोनोकामी याचे चांगले उदाहरण आहे. पितळेचा किंवा पोलादाचा पत्रा दुमडून त्याची मूठ केलेली असते, त्यात पाते ताणून धरणारी कमान (स्प्रिंग) नसते, आणि पात्याच्या मागे आलेल्या छोट्या जिभेवर अंगठा दाबून ते धरायचे असते. फ्रान्समधल्या तिएर गावात १९२९ साली सुरू झालेला दुक-दुकही याच गटातला, दुमडलेल्या पोलादी पत्र्याच्या मुठीचा. या चाकूंना कितीही कोरडी हवा सोसते, म्हणून ते हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या भरपूर दाण्यांबरोबर खुशाल ठेवावेत.

दुसरा गट शिंग, हाड आणि लाकूड यांचा, आणि खरी काळजी इथेच लागते. फ्रान्समधल्या लायोल पद्धतीचे शिंगाच्या मुठीचे चाकू, शिसवी किंवा बाभळीच्या मुठीचे गावठी चाकू, हाडाच्या पट्ट्या लावलेले जुने इंग्रजी चाकू हे सारे यात येतात. यांच्या डब्यात सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये राहील असे पाहावे. त्यासाठी घड्याळाएवढे छोटे आर्द्रतामापक यंत्र काही शे रुपयांत मिळते. ते डब्याच्या आत, झाकण न उघडता वाचता येईल असे बसवावे. लाकडाचे एक वेगळेच वागणे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जोसेफ ओपिनेलने १८९० साली फ्रान्सच्या सव्हॉय भागात केलेला चाकू अजूनही तसाच, साध्या बीच लाकडाच्या मुठीचा निघतो, आणि त्याची मूठ पावसाळ्यात फुगून पात्याला इतकी घट्ट आवळते की ते नखाने उघडत नाही. अशा वेळी पक्कड लावू नये. आधी मुठीवरचे कडे पाते सुटे होईल असे फिरवावे आणि मग मुठीचे मागचे टोक लाकडी फळीवर हलकेच आपटावे, म्हणजे पात्याचा नखाजोगा भाग वर येतो. पात्याला कुलूप घालणारे हे कडे १९५५ साली आले. त्याआधीचा चाकू हाती लागला आणि कडे दिसले नाही, तर ते हरवले असे समजू नये.

तिसरा गट सेल्युलॉइडचा. तो लहान असतो, पण त्याच्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत सर्वांत मोठी असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अनेक चाकूंना कासवाच्या पाठीसारख्या किंवा शिंपल्यासारख्या चमकदार मुठी आहेत. त्यांतल्या पुष्कळ सेल्युलॉइडच्या. अंगठ्याने जोरात घासून लगेच वास घेतला आणि कापराचा वास आला, तर ते सेल्युलॉइड समजावे, कारण ते करताना त्यात कापूर घालतात. हा पदार्थ जुना होऊ लागला की त्यातून आम्लयुक्त वाफ निघते, आणि ती वाफ स्वतःच्याच नव्हे तर शेजारच्या चाकूच्या पात्यालाही गंजवते. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते आणि सेल्युलॉइड पेटतेही चटकन. त्यामुळे असे चाकू हवाबंद डब्यात कोंडू नयेत, इतरांच्या शेजारी ठेवू नयेत आणि पत्र्याच्या छताखालच्या खोलीत तर मुळीच नेऊ नयेत. खालच्या मजल्यावरच्या थंड खोलीत, हवा खेळेल अशा वेगळ्या पेटीत त्यांची सोय करावी.

हस्तिदंत आणि सांबरशिंग यांच्या मुठींविषयी एवढेच सांगतो की त्यांची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. अशी वस्तू बाजारात दिसली तर घेऊ नये. घरात वारशाने आली असेल तर वनविभागाकडे चौकशी करून मगच पुढचे ठरवावे.

पेटी, कापड आणि जागा

जुने सागवानी कपाट असेल तर त्याचे खण वापरण्यास हरकत नाही, मात्र नव्या प्लायवूडच्या किंवा दाबलेल्या भुशाच्या फळ्यांच्या खणांतून बराच काळ आम्लयुक्त वाफा निघत राहतात, म्हणून ते टाळावेत. माझा अनुभव असा की रंग दिलेली पत्र्याची ट्रंक आणि तिच्यात झाकणाला रबरी पट्टी असलेले स्वयंपाकघरातले हवाबंद डबे, ही जोडी आपल्याकडे सर्वांत भरवशाची ठरते. ट्रंक जमिनीला टेकवू नये. तिच्याखाली दोन लाकडी ओंडके घालावेत, आणि ती बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. धाब्याच्या जुन्या घरात आणि काळ्या दगडाच्या भिंतीत पावसाळ्यात ओल उतरते, त्यामुळे कोनाडा किंवा भिंतीतले फडताळ कितीही सोयीचे वाटले तरी त्यात चाकू ठेवू नयेत. उन्हाळ्यात ज्या खोलीत कूलर चालतो ती खोलीही नको. कूलरची हवा दिवसभर दमट असते, बंद केल्यावर तासाभरात कोरडी होते, आणि ही रोजची वरखाली शिंगाला सतत कोरड्या हवेपेक्षाही अधिक जाचक होते.

सिलिका जेलचे प्रमाण डब्याच्या घनफळावरून ठरवावे. साधारण दर लिटरला २० ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम पुरते. हे प्रमाण पहिल्या, धातूच्या गटासाठी आहे. शिंगाच्या डब्यात तेवढे घातले तर हवा अतिकोरडी होते, म्हणून तिथे चिमूटभर घालून मापकाकडे पाहत वाढवावे. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्यावेत; निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो आणि तो आरोग्याला अपायकारक आहे. दाण्यांचा रंग बदलला की ते सुमारे १२० अंश सेल्सिअसला दोन तास तापवून पुन्हा कोरडे करता येतात, मात्र स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी वापरू नये.

प्रत्येक चाकूला स्वतंत्र कापडी कप्पा हवा. यासाठी मला सर्वांत आवडलेली रीत चंचीची आहे. आपल्याकडची जुनी माणसे पान, सुपारी, तंबाखू आणि चुन्याची डबी वेगवेगळ्या खणांत ठेवून जशी चंची गुंडाळत, तशीच आठ किंवा दहा खणांची लांब पट्टी शिंप्याकडून मांजरपाटात शिवून घ्यावी. कापड आधी दोन वेळा साध्या पाण्यात उकळून त्यातली खळ पूर्ण काढावी, कारण खळ ओल धरते आणि किडीला बोलावते. रंगीत कापड, मखमल आणि लोकर टाळावी. खणाची लांबी मिटलेल्या चाकूच्या लांबीपेक्षा दोन बोटे जास्त ठेवावी, म्हणजे वरची झडप दुमडता येते. गुंडाळीला नाडी शिवावी. रबरबँड लावू नये, कारण रबरातल्या गंधकाने पितळ काळे पडते. कापसात चाकू बुडवून ठेवण्याची चूकही अनेक जण करतात. कापूस हवेतली ओल ओढून घेतो आणि ती थेट पात्याला चिकटवून ठेवतो. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो, तोही नको.

चामड्याच्या म्यानाबद्दल मात्र मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण तिथे मी स्वतः नुकसान सोसले आहे. काही वर्षांपूर्वी मी चांगल्या चामड्याची नऊ म्याने हौसेने करून घेतली आणि मृग लागण्याआधी नऊही चाकू त्यांत घालून ट्रंक बंद केली. दसऱ्याला ती उघडली तेव्हा मुठींच्या टोकांच्या पितळी टोप्यांवर हिरवा कळक दाटून आला होता आणि दोन पात्यांवर लाल गंजाचे खोल ठिपके पडले होते. ते ठिपके आजही आहेत. चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात राहतात, ते ओल धरते, आणि बंद म्यानात ही ओल कुठे जाऊ शकत नाही. म्यान संग्रहाचा भाग म्हणून जरूर ठेवावे, त्याला चाकूचाच क्रमांक द्यावा, पण चाकूपासून वेगळ्या पिशवीत ठेवावे.

चाकू नेहमी पूर्ण मिटून ठेवावेत. कमानीच्या चाकूत पाते अर्ध्यावर असते तेव्हा कमान सर्वांत जास्त ताणलेली असते. महिनोन्महिने तशी राहिली तर तिचा जोर उतरतो. मिटलेल्या स्थितीत तिच्यावर ताण सर्वांत कमी राहतो आणि धारही सुरक्षित राहते.

तेल

मराठवाड्यात घराघरात करडईचे तेल असायचे आणि ते हातासरशी चाकूला लावण्याची सवयही होती. ही सवय सोडावी लागेल. करडई आणि जवस यांची तेले हवेत हळूहळू वाळतात आणि त्यांचा पिवळट, चिकट थर होतो. तो पात्याच्या सांध्यात बसला की चाकू अडखळत उघडतो आणि त्या चिकट थरात धूळ जमते. खोबरेल तेल वाळत नाही, पण खवट होते आणि हिवाळ्यात गोठते. पात्यासाठी आणि सांध्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन सर्वांत चांगले. ते वाळत नाही, खवट होत नाही, आणि ज्या चाकूने अधूनमधून फळ कापले जाते त्यालाही चालते. फक्त ठेवणीतल्या चाकूला शिलाई मशीनचे तेलही पुरते. सांध्यात काडीच्या टोकाने एकच थेंब सोडावा, पाते दहा वेळा उघडून मिटावे, आणि बाहेर आलेले काळे तेल पुसून घ्यावे. पात्यावर तेलाचा थर डोळ्यांना दिसत असेल तर तो जास्त झाला आहे. लाकडी मुठीला वर्षातून एकदा मधमाश्यांचे मेण चोळावे. हाडाला तेल लावू नये, ते आत मुरून डाग पाडते. शिंगाला उन्हाळ्याच्या तोंडाशी पॅराफिनचा अगदी पातळ हात फिरवला तर पुरे.

हाताच्या घामातले मीठ हे गंजाचे मोठे कारण आहे. चाकू हाताळण्यापूर्वी हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, आणि पाहुण्यांना दाखवून झाल्यावर प्रत्येक पाते पुसल्याशिवाय आत ठेवू नये.

गंज आणि छटा

कर्बयुक्त पोलादाच्या जुन्या पात्यावर निळसर-करड्या रंगाची छटा येते. फळे, कांदा, सुपारी कापून कापून आलेली ही छटा हा गंज नव्हे. ती स्थिर असते आणि खालच्या पोलादाचे काही प्रमाणात रक्षणही करते. ती घासून काढली तर चाकू उजळतो, पण त्याचे आयुष्य पुसले जाते. काढायचा तो लाल, भुरभुरीत गंज. त्यावर पॅराफिन लावून रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी बांबूच्या टोकदार कामटीने हलकेच खरवडावे. पितळेची भांडी उजळायला आपण चिंच वापरतो, तीच पात्याला लावण्याचा मोह होतो. पण चिंचेचे किंवा लिंबाचे आम्ल सांध्यात शिरले की तिथून ते पूर्ण काढता येत नाही, आणि महिन्याभराने गंज आतून बाहेर येतो.

धार लावण्याच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: संग्रहातल्या चाकूला फिरत्या चाकावर धार लावू नये. कोरड्या चाकावर पाते तापते आणि त्याचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कठीणपणा, उतरते. मग त्याला कितीही धार लावली तरी ती टिकत नाही. यात्रेत किंवा आठवडी बाजारात मिळालेल्या जुन्या चाकूंपैकी कितीतरी असेच, पाणी उतरलेले आणि पाते झिजून निम्मे झालेले आढळतात. गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी कारागिरांत आणि शिकलगारांत पाणी देण्याची जाण असलेले वयस्क लोक अजून भेटतात. सैल झालेला खिळा ठोकून घ्यायचा असेल तर त्यांच्यापाशी बसून, आपल्या डोळ्यांसमोर काम करून घ्यावे, आणि पाणी देणे, खिळा फुलवणे यांविषयी ते जे सांगतील ते वहीत उतरवून घ्यावे.

नोंदवही

चाकूवर क्रमांक रंगवू नये, कोरू नये आणि चिकटपट्टीही लावू नये. जाड पांढऱ्या कागदाची लहान चिठ्ठी करून तिच्यावर पेन्सिलीने क्रमांक लिहावा आणि ती सुती दोऱ्याने मुठीला बांधावी. क्रमांकात वर्ष आणि त्या वर्षातला अनुक्रम एवढेच असावे, जसे २०२४/७. वहीत मिटलेली लांबी, पात्याची लांबी, वजन ग्रॅममध्ये, मुठीचा पदार्थ, खिळ्यांची संख्या आणि पात्याच्या मुळाशी असलेला शिक्का यांची नोंद करावी. शिक्का पुसट असेल तर पात्यावर तिरका उजेड पाडून छायाचित्र घ्यावे. अक्षरे नीट ओळखता आली नाहीत तर अंदाजाने पूर्ण करू नयेत. दिसतील तेवढीच अक्षरे लिहून उरलेली जागा मोकळी सोडावी. चाकू कोणत्या बाजारातून, किती रुपयांना आणि कोणत्या अवस्थेत आला हेही लिहावे, आणि नंतर केलेली प्रत्येक दुरुस्ती तारखेसह जोडावी.

वहीतली प्रकरणे मात्र कामावरून पाडावीत. माझ्या वहीत पहिले प्रकरण कलमाच्या चाकूंचे आहे, दुसरे लेखणीच्या. मोडी लिहिण्यासाठी बोरू तासावा लागे आणि त्यासाठी लहान पात्याचा, टोकदार चाकू लिहिणाऱ्याजवळ असे. युरोपात पिसाची लेखणी तासण्यासाठी असाच चाकू होता. ही दोन्ही जातकुळे एका पानावर आली की त्यांच्या पात्यांतले साम्य आपोआप दिसते. त्यापुढे गुराख्यांचे आणि धनगरांचे चाकू, मग पानसुपारीचे, आणि मग सैनिकी. सैनिकी प्रकरणात स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कार्ल एल्सेनरने १२ जून १८९७ रोजी नोंदवलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूचे वंशज येतात. पानसुपारीच्या प्रकरणात मी अडकित्तेही घेतो, कारण ते घडीचे चाकू नसले तरी त्याच चंचीतले सोबती आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा जो संग्रह आहे, तो नोंदवही सुरू करण्यापूर्वी एकदा शांतपणे पाहून यावा. रोजच्या वापरातल्या वस्तूंची जाती-पोटजातींत मांडणी कशी करता येते, हे तिथे उमगते.

वहीत कायद्यासाठी एक रकाना ठेवावा. शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू, जर ते घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले नसतील, तर धारदार शस्त्रांत मोडतात. म्हणून पात्याची लांबी आणि रुंदी नेमकी मोजून लिहावी, आणि मोठा रामपुरी घेण्याआधी हे माप आधी पाहावे. संग्रह प्रवासात नेऊ नये; दाखवायचा असेल तर छायाचित्रे न्यावीत. ट्रंकेला कुलूप असावे आणि किल्ली मुलांच्या हाती लागेल अशी खुंटीवर टांगू नये.

वर्षाचे वेळापत्रक

वैशाखात शिंगाचे आणि लाकडाचे डबे आठवड्यातून एकदा पाहावेत. मापक ४० टक्क्यांखाली आले तर त्यातले सिलिका जेल पूर्ण काढून घ्यावे. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागते. त्याआधीच्या कोरड्या दिवसांत सर्व पात्यांना तेल, सर्व दाणे तापवून कोरडे आणि झाकणांच्या रबरी पट्ट्या तपासलेल्या, एवढे झालेच पाहिजे. पाऊस चालू असताना डबे विनाकारण उघडू नयेत. पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस थांबलेल्या दुपारी, पाच-सहा चाकू नमुन्यादाखल पाहावेत. शिंगाच्या मुठीखाली कापडावर बारीक भुकटी दिसली तर ती किडीची खूण आहे. तो चाकू लगेच वेगळा काढून मऊ कुंचल्याने साफ करावा आणि त्या गुंडाळीचे कापड उकळून घ्यावे.

पूर्ण तपासणीचा दिवस मी खंडेनवमी ठरवला आहे. आश्विन शुद्ध नवमीला आपल्याकडे हत्यारे आणि अवजारे धुऊन पुजली जातात. पाऊस मागे सरत आलेला असतो, हवा मध्यम असते, आणि ट्रंक रिकामी करून प्रत्येक चाकू हाती घेण्याला याहून योग्य वेळ वर्षात येत नाही. फक्त एक पथ्य पाळावे. ओले गंध, हळद-कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या थेट पात्यावर ठेवू नयेत, कारण त्यातली ओल एका रात्रीत पात्यावर डाग सोडते. माझ्या घरी पाटावर मांजरपाटाच्या गुंडाळ्या उघडून मांडतात आणि हळद-कुंकू पाटाच्या कडेला वाहतात. वडिलांच्या कलमाच्या चाकूपुढे मोसंबीची एक फांदी ठेवतात, तीही पात्याला टेकणार नाही अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी, सोने लुटायला बाहेर पडण्याआधी, प्रत्येक पाते कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा हात फिरवून आणि वहीत तारीख टाकून परत आपापल्या खणात जाते.